साडूंचे पणजोबा आणि माझे

३ जानेवारी

आजपासून रोजनिशी. खास कारण नाही. मोठ्या माणसांना ही सवय असते, मलाही असावी.

काल साडूंकडे जेवण. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर. वर घर, खाली दवाखाना. जेवणाआधी सगळ्यांना मुद्दाम खाली नेलं. वेटिंग रूममध्ये फिश टँकच्या वर नवी फ्रेम लागली आहे. आत एक पदक. खाली पितळी पट्टी, तिच्यावर कोरलंय की शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत यांच्या पणजोबांनी समुद्रापलीकडे जाऊन पराक्रम गाजवला. पदकावर वेगळा लाइट सोडलाय. मासे बिचारे अंधारात.

मी छान आहे म्हटलं. याहून जास्त बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मला मत्सर वगैरे अजिबात वाटला नाही. फक्त घरी येईपर्यंत डावीकडची दाढ ठणकायला लागली. आइसक्रीममुळे असेल. आइसक्रीमही दोन प्रकारचं ठेवलं होतं. कशासाठी?

५ जानेवारी

दाढ चालूच. घरात दातांचे डॉक्टर असताना सहन कशाला करायचं, असं ही म्हणते. मी सांगितलं की उजवीकडच्या दाढा देवाने उगाच दिलेल्या नाहीत.

संकल्प :
उजवीकडून चावणे.
आत्याचा चष्मा या आठवड्यात करून देणे. (माझं चष्म्याचं दुकान असून माझी सख्खी आत्या नऊ वर्षांपूर्वीच्या नंबरवर दिवस काढते, असं ही चारचौघांत सांगते. चारचौघांत सांगायची गरज नाही.)
साडूंचा विचार न करणे.

६ जानेवारी, सकाळी, दुकान उघडायच्या आधी

साडूंचा विचार केला. पण वेगळ्या अंगाने.

पणजोबा मलाही होते. असणारच. आणि आमचेही लढाईला गेले होते, हे लहानपणी कानावर पडलेलं आहे. परत आल्यावर कुणाशी धड बोलायचे नाहीत म्हणे. बाबांना विचारलं की ते विषय बदलायचे. याचा अर्थ सरळ आहे. फार मोठं काहीतरी केलेलं असणार. खरे शूर लोक बोलत नाहीत. साडूंच्या घरात सगळे बोलतात.

आजपासून शोध सुरू. महिन्याभरात पणजोबा सापडले पाहिजेत, आणि त्यांच्यापेक्षा मोठे सापडले पाहिजेत.

११ जानेवारी

वाचनालयात गेलो. बरं झालं गेलो!

ग्रंथपालबाईंनी सांगितलं की नगरपालिका बागेत स्मृतिभिंत बांधते आहे. आपल्या शहरातून लढाईला गेलेल्या तुकडीचा परतण्याआधी काढलेला एक ग्रुप फोटो वाचनालयात आहे. तोच मोठा करून भिंतीवर लावायचा. ज्या घराने आपला माणूस ओळखला त्याचं नाव खाली कोरायचं, आणि उद्घाटनाला त्या घरातल्या एकाला स्टेजवर बोलवायचं. दोन मार्चला.

साडू पहिल्याच दिवशी येऊन आपला माणूस दाखवून गेले. मागची रांग, डावीकडून चौथा, छातीवर पदक. बाई म्हणाल्या की तुमचे साडू किती छान बोलतात. मी बाईंच्या चष्म्याकडे बघितलं. फ्रेम माझ्या दुकानातली नव्हती.

मग फोटो बघितला. दुकानातलं भिंग सोबत नेलं होतं. पुढच्या रांगेत, बरोब्बर मध्ये, खुर्चीवर एक गृहस्थ बसलेत. मांडीवर आडवी तलवार. मिशी अशी की बाकीची रांग तिच्या आधाराने उभी असावी. त्यांच्यावर अजून कुणीही हक्क सांगितलेला नाही!

मी बघताक्षणी ओळखलं. कपाळ आमचंच. रक्त बोलतं.

एक गंमत. साडूंच्या पणजोबांच्या शेजारच्या माणसाला चेहराच नाही. नुसता पुसट डाग. त्या काळी फोटोसाठी बराच वेळ न हलता उभं राहावं लागायचं असं बाई म्हणाल्या. सगळे राहिले, हा एकटा हलला. त्याचं कोण असेल बिचारं? स्टेजवर काय तोंड घेऊन जाणार? या विचाराने मला रस्ताभर हसू येत होतं. दाढ असूनही.

१४ जानेवारी

घरी जाहीर केलं. हिने बरं म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली.

कन्या नववीत आहे. तिला शाळेत पूर्वजांवर प्रोजेक्ट आहे. मी म्हटलं, घे, आयता विषय आला. तर तिने काकांच्या पणजोबांवर सुरूही केलंय! साडूंची मुलगी त्याच वर्गात, पण ती माशांवर करतेय. म्हणजे त्यांच्याकडे पणजोबा वापराविना पडून होते, ते आमच्या कन्येने मागून आणले. मी विचारलं, स्वतःचे असताना दुसऱ्यांचे कशाला? ती म्हणाली, काकांकडे पदक आहे, आपल्याकडे काय आहे?

उद्धटपणे नाही म्हणाली. साधं विचारलं. म्हणून जास्त लागलं. जेवण गेलं नाही. थोडं दाढेमुळे, पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नामुळे.

हे आता माझ्यासाठी राहिलेलं नाही. मुलीसाठी आहे.

२० जानेवारी

फोटोची कॉपी घेऊन आत्याकडे. आत्या सत्त्याऐंशीची. तिचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा, आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली जगात ती एकटीच उरली आहे. फोटो तिने आधी नाकाशी धरला, मग लांब धरला, मग उलटा धरला. मी सरळ करून दिला, तलवारवाल्यांवर बोट ठेवलं आणि हेच ना तुझे आजोबा, असं विचारलं. ती म्हणाली, तू म्हणतोस तर असतील रे बाबा.

पुरावा! कुटुंबातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने प्रत्यक्ष ओळखलं!

स्वभावाबद्दलही विचारलं. तिने सांगितलं की आजोबांची मान कायम शेजाऱ्यांच्या घराकडे. त्यांच्याकडे कोण आलं, काय आणलं, ताटात काय वाढलं, सगळं टिपून ठेवायचे. म्हणजे टेहळणी. टेहळणी पथकाचे प्रमुखच असणार. सवय आयुष्यभर जात नाही.

निघताना आत्याने चष्म्याची आठवण केली. सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं म्हणाली. पुढच्या आठवड्यात नक्की.

२२ जानेवारी

ग्रंथपालबाईंकडे हक्क नोंदवला. आत्याने खात्रीने ओळखलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. तात्पुरतं नाव लिहून घेतलंय.

स्टेजवर मधली खुर्ची माझी. साडू मागे, डावीकडून चौथे.

२ फेब्रुवारी

मिशी वाढवतोय. अजून मध्ये विरळ आहे. ही म्हणते, दूध पिऊन तोंड पुसलं नाही असं वाटतं. हिच्या बहिणीने असं काही आपल्या नवऱ्याला म्हटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

दुकानात एक प्रयोग केला. एक गिऱ्हाईक नंबर काढायला आलं होतं. तक्त्यावरची अक्षरं वाचून झाल्यावर मी हळूच समोर फोटो टांगला आणि यातलं सर्वांत उठून दिसणारं व्यक्तिमत्त्व कुठलं ते विचारलं. लेन्सशिवाय काहीच दिसत नाही म्हणाला. लेन्स घातली. म्हणाला, मागच्या रांगेतला तो पदकवाला.

नजर फारच कमजोर आहे. त्याचा चष्मा सावकाश करू.

१० फेब्रुवारी

साडू दुकानात आले. वाचायचा चष्मा करायला. गावात दुसरी दुकानं आहेत, पण घरचं दुकान सोडून कुठे जाऊ म्हणाले. वर मला मिठी मारली! त्यांच्या कानावर आलं होतं. तुमचेही पणजोबा त्याच तुकडीत, आपलं नातं तर शंभर वर्षांपूर्वीचं निघालं, म्हणाले. डोळे पाणावले होते. माणसाने इतकं उदार असू नये. समोरच्याला उभं राहायला जागाच राहत नाही.

त्यांचे पणजोबा चिखलातून, गोळ्यांच्या माऱ्यातून एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन आले, त्याचं ते पदक, असं त्यांनी मला पाचव्यांदा सांगितलं. आमच्या पणजोबांनीच तसा हुकूम दिला असणार, असं मी म्हटलं. शक्य आहे म्हणाले! लगेच मान्य! वाद घालण्याचंही सुख नाही.

नंबर काढला. मोठा निघेल अशी आशा होती. लांबचं लख्ख दिसतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. डोळेसुद्धा!

१८ फेब्रुवारी

गालाला सूज. डावा डोळा अर्धा मिटलेला. गिऱ्हाइकं मलाच म्हणायला लागली, आधी स्वतःला तपासून घ्या. शेवटी हिने मला हाताला धरून साडूंच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

आयुष्यातला सर्वांत मोठा अन्याय लिहून ठेवतो. दातांच्या डॉक्टरसमोर माणसाला बोलता येत नाही. तोंडात कापूस, एक नळी आणि साडूंची बोटं. आणि साडू पणजोबांवर बोलतायत. सहावी खेप. या वेळी नवा भाग होता. ज्याला पाठीवरून आणलं तो फोटोत शेजारीच उभा आहे, तो हललेला, असं त्यांच्या घरात सांगत आलेत. पण नाव कुणालाच माहीत नाही. त्याच्या घरचं कुणी भेटलं तर मी त्यांना सोडणारच नाही म्हणाले. मला पुरे म्हणायचं होतं, तोंडातून नुसतं आ निघालं. त्यांना वाटलं दुखतंय. अजून एक इंजेक्शन दिलं.

दाढ काढली. मऊ हात आहे. हे मी फक्त इथे लिहितोय.

पैसे घेतले नाहीत. अपमान आणखी वेगळा कसा असतो?

घरी येताना त्या हललेल्याच्या घरच्यांची कीव आली. विचार करा, साडूंच्या पणजोबांनी उचललं म्हणून आपण जन्माला आलो, हे ओझं घेऊन जगायचं! मी तर शहर सोडून गेलो असतो.

२५ फेब्रुवारी

आत्याचा चष्मा करायला टाकला. शब्दाचा पक्का माणूस आहे मी. शिवाय ती माझी एकमेव साक्षीदार, पेपरात फोटो येणार, जुन्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. दुकानातली सर्वांत चांगली फ्रेम निवडली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यांवर चढवायची.

भाषण लिहून तयार. विषय : टेहळणी आणि त्याग. कन्येला पहिल्या रांगेत बसवायचं. वही घेऊन ये म्हटलंय.

२ मार्च, सकाळी

आज.

कोट इस्त्रीचा. मिशी भरली नाही, पण अंगठ्याने दाबली की दिसते. गालावर अजून थोडी सूज. डावी बाजू कॅमेऱ्याकडे करायची नाही, बस्स.

आत्याने नवा चष्मा घातला. खिडकीतून बाहेर बघितलं आणि अगंबाई म्हणाली. समोरच्या घराला रंग कधी दिला म्हणाली. सहा वर्षं झाली त्याला. मग माझ्याकडे वळली. तुला काय झालंय, म्हणाली. मी सांगितलं, मिशी.

साडूंना आज कळेल.

२ मार्च, संध्याकाळी

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

साडेनऊला मी स्टेजवर मधल्या खुर्चीत. साडू मागच्या रांगेत. वळून बघितलं तर त्यांनी अंगठा दाखवला. भिंतीवर भला मोठा फोटो. सगळं जमून आलं होतं.

पावणेदहाला दोन गाड्या आल्या. परगावच्या. त्यांतून आजोबा, मुलगे, नातवंडं उतरली, आणि सगळ्या पुरुषांना तीच मिशी! तीन पिढ्या, एकच मिशी! सर्वांत पुढच्या आजोबांच्या हातात मखमलीत गुंडाळलेली तीच तलवार. ग्रंथपालबाईंनी त्यांना महिन्यापूर्वीच शोधून पत्र टाकलं होतं म्हणे. उत्तर काल आलं. बाईंनी मला बाजूला घेऊन फार हळू आवाजात सांगितलं. मधले गृहस्थ म्हणजे तुकडीचे बँडमास्तर. लढाई त्यांनी लांबून ऐकली. तलवार मिरवणुकीची, तिला धार नाही.

मी खुर्चीवरून उठून खाली उतरलो. खिशात भाषण. समोर कन्या, वही उघडून.

निदान आत्याला तरी गुपचूप घरी न्यावं म्हणून वळलो, तर ती भिंतीपाशी पोचलेली. नव्या चष्म्यातून एकेक चेहरा बघत चालली होती. आणि एकदम ओरडली. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी, अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशी. हे बघा माझे आजोबा!

बोट डागावर. मागची रांग, डावीकडून पाचवा. हललेला.

मी म्हटलं, आत्या, त्याला चेहरा कुठाय? ती म्हणाली, चेहरा काय करायचाय, मान बघ ना मान. मग तिथेच सगळं सांगायला लागली. माइक नव्हता, लागला नाही. आजोबा स्वतः सांगायचे, फोटोवाला समोर बघा म्हणून ओरडत होता, पण शेजारच्याला नुकतंच पदक मिळालेलं, ते केवढं आहे ते बघितल्याशिवाय आजोबांना राहवेना. आणि पदक कशाचं, तर आजोबांनाच चिखलातून पाठीवर घालून आणल्याचं. आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले की गोळी लागली मला आणि पदक मिळालं त्याला. त्याला कुणी सांगितलं होतं उचलायला?

लोक हसले. मी साडूंकडे बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही. ते स्टेजवरून उडी मारून आले आणि मला मिठी मारली. हुंदके देत होते. शंभर वर्षं शोधत होतो म्हणाले, आणि माणूस घरातच निघाला. मला हाताला धरून वर नेलं, मागच्या रांगेत स्वतःच्या शेजारी बसवलं. डावीकडून पाचवी खुर्ची.

भाषण करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. काय बोलणार? त्यांच्या पणजोबांनी खाली वाकून पाठ दिली नसती, तर मी नव्हतो, बाबा नव्हते, दुकान नव्हतं, कन्या नव्हती. आणि कन्या समोर बसून हे सगळं लिहून घेत होती.

घरी येताना रस्ताभर आत्या एकटीच बोलत होती. ती दुकानांच्या पाट्या वाचत होती.

३ मार्च

पेपर आला. चौथ्या पानावर स्टेजचा फोटो. बँडमास्तरांच्या मिशा मध्ये. मागे साडू, हातात पुष्पगुच्छ, हसरे, सगळे दात व्यवस्थित. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. मागच्या रांगेतला डावीकडून पाचवा सोडून. त्याची मान स्वतःच्या उजवीकडे वळलेली, डोळे शेजारच्याच्या गुच्छावर, आणि सुजका गाल अख्ख्या शहराच्या समोर.

मी समोरच बघत होतो. फोटोवाल्याने तयार म्हटलं तेव्हाच त्यांच्या हातात गुच्छ दिला. माझ्या गुच्छापेक्षा मोठा वाटला, म्हणून एक क्षण बघितलं. एकच क्षण!

खाली नावं. साडूंचं पूर्ण, पदवीसकट. माझं : आणि इतर.

पेपर लपवायला गेलो तर चौथं पान आधीच कापून नेलेलं. कन्येच्या खोलीत गेलो. वहीत तो जुना फोटो चिकटवलेला, शेजारी हा. दोन्हींत एकेका मानेवर लाल बाण. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, बाबा, तुम्ही पुरावा शोधत होतात ना, हा घ्या. मी पान उलटून पहिलं पान बघितलं. काकांच्या पणजोबांचं नाव खोडलं होतं. वर लिहिलं होतं, आमच्या घरचे पणजोबा.

मिशी काढायला हवी असं ती म्हणाली. हो म्हटलं.

रोजनिशी आजपासून बंद. या सवयीचा काही उपयोग नाही. मनातली असली नसलेली सगळी जळजळही कालपासून गेली आहे, असं प्रामाणिकपणे वाटतं.

प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मिळतील असं कन्या म्हणते. तेवढं साडूंच्या मुलीला माशांवर किती मिळतात, ते बघून ठेवायला सांगितलंय.